मोज्यातले पाय

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्या चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुतात. मला नम्र व्हायचं होतं, पण हात न मळवता. म्हणून मोजे घालून येणाऱ्या मास्तरांसमोरची जागा मी रुमाल टाकून धरून ठेवली. ऐन वेळी मास्तर सरकले आणि त्या खुर्चीत माझा शेतशेजारी बसला, उन्हाळी धानातून थेट आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल! येशूने बारा जणांचे पाय धुतले; मला एकाचेच जड झाले. बादलीभर पाणी गढूळ झाल्यावर मी खेकसलोच, "पाय धुवून काहून नाई आले जी?"

"टाइमच नाई भेटला," तो ओशाळून म्हणाला. "तुमच्या बांधीत पानी चढत नव्हतं, तेच लावून येऊन राहिलो."

मी बोटांच्या बेचक्यातला चिखल काढू लागलो. माझ्याच शेतातला होता.