बिननावाचा ग्रह

दिवसभर वजनकाटे दुरुस्त करणारा हा माणूस संध्याकाळी घरी बसून ग्रह बनवतो, हे लग्न ठरताना बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. बाई लोकांना गाडी चालवायला शिकवायच्या. शिकाऊ माणसाने क्लचवरचा पाय झटकन काढला की गाडी कशी उडी मारते, याचा अनुभव रोजचाच. त्यांना आणखी कसल्या उड्डाणाचं अप्रूप असणार?

गल्लीत त्यांच्या नवऱ्याला सगळे ‘ग्रहवाले’ म्हणत. एकदा एक गृहस्थ हात दाखवायला आले आणि पंजा पसरून बसलेच. ग्रहवाल्यांनी तो हात नीट न्याहाळला आणि म्हणाले, “याला सहावं बोट असतं तर पेन कसं धरलं असतं हो तुम्ही?” गृहस्थ जे उठले ते पुन्हा फिरकले नाहीत.

सगळं सुरू झालं ते दुकानातल्या एका स्प्रिंगच्या काट्यापासून. तो तपासताना त्यांच्या मनात आलं, हाच काटा चंद्रावर टांगला तर सुई कुठे थांबेल? तिथून जे सुटले ते सुटलेच. कथा छापून येऊ लागल्या, मग कादंबऱ्या आल्या, आणि कधीकधी दूरदूरचे वाचक दुकानात येऊन, काटा दुरुस्त करणारा आणि लिहिणारा एकच का, असं विचारू लागले.

त्यांची एक खोड होती. नवा ग्रह लिहायचा म्हटलं, की आधी त्या ग्रहाचे नियम घरात लागू व्हायचे. जड ग्रहाच्या वेळी त्यांनी कोटाच्या अस्तरात दुकानातली लोखंडी वजनं शिवून घेतली आणि तो कोट घालूनच जेवायचे, झोपायचे, जिने चढायचे. शेजारच्या काकू हळहळल्या, “हल्ली फार थकलेत हो तुमचे हे.” पाणी नसलेल्या यानाच्या वेळी सगळं घर एका बादलीवर चाललं. तेव्हा मात्र बाईंनी भांड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, “तुमच्या यानात भांडी कोण घासतं?” ग्रहवाले विचारात पडले आणि यानाच्या नियमांत सुधारणा झाली.

बाई कुरकुरायच्या, पण मनातून थक्क व्हायच्या. पहिलं वाचन त्यांचंच असे. जड ग्रहावरची आई आपल्या लेकराला उचलून घेऊ शकत नाही, म्हणून स्वतःच जमिनीवर आडवी होते, ते पान त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. हा माणूस कधी या शहराच्या बाहेर पडला नाही, साधा प्रवास म्हटला तरी याला मळमळतं, आणि हा कुठे कुठे जाऊन येतो! समोर बसून नखं कापणाऱ्या नवऱ्याकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या होत्या.

दुकान सोडल्यावर ग्रहवाल्यांनी शेवटची कादंबरी हातात घेतली. एक अंतराळवीर एकटाच एका ग्रहावर उतरतो. तिथे कुणीही नाही, आणि कुठल्याच गोष्टीला नाव नाही. अर्धी कादंबरी लिहून झाली होती. एका सकाळी ग्रहवाले स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “मला ते दे. ते… ज्यातून पितात.”

बाईंनी ओळखलं, नियम लागू झाले! त्यांनी पेला पुढे केला आणि आपणही खेळात उतरल्या. “बाहेर जाताना ते न्या हं, डोक्यावर उघडायचं.” ग्रहवाले हसले आणि छत्री घेऊन गेले. पुढचे कित्येक आठवडे घरात हेच चाललं. बाईंना तर त्याची गोडी लागली. शिकाऊ माणसालाही त्या चुकून म्हणाल्या, “ते गोल धरा, ते गोल!”

मग एका रविवारी लेक भेटायला आली. ग्रहवाल्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तोंड उघडलं, आणि थांबले. “ही… ही आपली…” लेकीचा चेहरा पांढरा पडला.

“अगं, घाबरतेस काय?” बाई हसत म्हणाल्या. “कादंबरी चाललीये त्यांची.”

“आई, बाबांकडे बघ.”

बाईंनी बघितलं. कोट घालून जिना चढताना या माणसाच्या डोळ्यांत कायम मिश्किल चमक असायची. आज ती नव्हती. ते दोघींकडे आळीपाळीने बघत होते, आणि भेदरलेले होते. बाईंना उमगलं. आपण इतके दिवस खेळत होतो, आणि हे बुडत होते.

डॉक्टरांनी चित्रं दाखवली. घड्याळ, कंगवा, किल्ली. ग्रहवाल्यांना प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे अचूक माहीत होतं, फक्त नाव येत नव्हतं. “नावं आधी जातात,” डॉक्टर म्हणाले. “पुढे बाकीचंही जाईल. किती वेगाने, ते सांगता येत नाही.” बाईंनी मान हलवली. आपल्याला काय विचारायचंय हे त्यांना ठाऊक होतं, पण विचारायचा धीर झाला नाही. माणसं कधी जातात? मी यांच्या मनातून कधी जाईन? कित्येक दिवसांत त्यांनी बाईंना नावाने हाक मारली नव्हती. हाक यावी म्हणून त्या मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसायच्या. हाक येत नसे. “मी कोण?” एवढं विचारलं असतं तर सोक्षमोक्ष लागला असता, पण ते त्यांच्याने होईना.

घरी आल्यावर ग्रहवाल्यांनी कादंबरीच्या कागदांवर हात आपटला. “हे. पुरं. करायचं.” लिहायला बसलं की हात अडत होता, म्हणून ते सांगणार आणि बाई लिहिणार असं ठरलं.

पहिल्या दिवशी बाईंनी मदत करायची म्हणून सगळी नावं घातली. ते अडखळत सांगत आणि बाई शहाणपणाने ‘समुद्र’, ‘दगड’, ‘सावली’ असं स्वच्छ लिहीत. मग त्यांनी ते वाचून दाखवलं. ग्रहवाल्यांनी जोरजोरात मान हलवली आणि कागद टराटरा फाडला.

“नाही! हे इथलं. इथलं आहे हे!”

बाई चिडल्या, रडल्या, तोंड धुऊन पुन्हा बसल्या. या वेळी त्यांनी आपलं शहाणपण बाजूला ठेवलं आणि ते म्हणतील तसंच उतरवलं. समुद्राला ते म्हणाले, “जे थांबत नाही आणि जातही नाही.” दगडाला म्हणाले, “जो माझ्या आधीपासून बसलाय.” सावलीपाशी बराच वेळ घुटमळले. “पायाला धरून येते. टांगली तरी हिचं काहीच भरत नाही.”

खिडकीतून आलेल्या उन्हात बाईंचीच सावली फरशीवर पडली होती. जन्मभर सोबत असलेली ही वस्तू आज आपण पहिल्यांदा बघतोय, असं त्यांना वाटलं. लोखंडाचा कोट घालून हा माणूस ज्या परकेपणाच्या मागे धावत होता, तिथे तो आता खरोखर जाऊन पोचला होता. आणि तिथूनही तो कळवत होता. भीती होतीच, पण त्या भीतीपेक्षाही मोठं काहीतरी त्यांच्या छातीत दाटून आलं.

लेकीला हे पटत नव्हतं. “आई, लोक म्हणतील त्यांना आजार होता म्हणून हे असं. नीट शब्द घाल ना.” बाईंनी कागद तिच्या हातात दिले. लेक उभ्या उभ्या वाचू लागली, मग खाली बसली. वाचून झाल्यावर तिने कागद नीट जुळवले आणि म्हणाली, “एक अक्षर बदलू नकोस.”

कादंबरी पुढे सरकत होती आणि ग्रहवाल्यांचं बोलणं आटत चाललं होतं. दुपारभरात कधी चार वाक्यं यायची, कधी एकच. शेवटचं पान आलं तेव्हा ते पडवीत पांघरूण घेऊन बसले होते. मग म्हणाले, “ती येते.”

बाईंचं पेन थांबलं. “अहो, तिथे तर कुणीच नव्हतं ना?”

“नव्हतं.” त्यांनी समोर बघितलं. “ती येते. बोलताना घाई करते. ऐकताना नाही.”

बाईंनी लिहिलं.

“ती आली की कळतं. मी कुठे आहे ते.”

हेही लिहिलं. अक्षर वाकडं आलं. आता विचारणं भागच होतं, कारण वाक्य अपुरं होतं. “तिला काय म्हणू?” बाईंनी विचारलं. “तो तिला हाक कशी मारतो?”

ग्रहवाल्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. जराशा त्रासिकपणे, इतकं सोपं काय विचारतेस अशा नजरेने.

“हाक नाही मारत,” ते म्हणाले. “ती आधीच ओ देते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“ओ,” त्या म्हणाल्या.