नानांना ताप नव्हता

“ताप अजिबात नाही, मॅडम. एक सलाईन लावा, लगेच निघतो,” विलास म्हणाला आणि पुरावा म्हणून कपाळावर रोखायचा थर्मामीटर माझ्या टेबलावर ठेवला.

निदान करून येणारे नातेवाईक मला आवडतात. माझा वेळ वाचतो.

विलासचे वडील, नाना, व्हीलचेअरवर डुलक्या काढत होते. पुण्याजवळच्या मांजरी गावची माणसं. उसाच्या जागी आता त्यांचे टॉवर उभे आहेत. रविवारी नातीचा साखरपुडा होता आणि नानांना तोवर ‘उभं करायचं’ होतं. माणूस आहे की मांडव, हे मी विचारलं नाही.

नाडी पळत होती. श्वास भरभर चालला होता. बीपी इतकं खाली की मशीन बिघडलं समजून सिस्टरनी दुसरं आणलं. दुसरंही तेच म्हणालं.

“नाना, दुखतंय कुठे?”

“कुठं नाय. नुसती झोप येती.”

मी त्यांचे मोजे काढले. डावं पाऊल घोट्यापर्यंत सुजलं होतं, बोटांच्या बेचक्यातून पू येत होता.

“बूट चावला होता,” विलास म्हणाला. “पण मॅडम, एवढं इन्फेक्शन असतं तर ताप आला असता ना?”

प्रश्न चांगला होता. अपघाताने का होईना.

ताप जंतू आणत नाहीत, आपला मेंदू आणतो. तुमच्या सोसायटीत चोर शिरला की वॉचमन चेअरमनला फोन करतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे आपले वॉचमन. जंतू दिसले की त्या काही रसायनं सोडतात. तो निरोप मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, म्हणजे चेअरमनकडे, पोचतो. तिथे शरीराचा थर्मोस्टॅट आहे. निरोप मिळाला की तो वर सरकतो. मग अठ्ठ्याण्णव डिग्रीचं शरीर मेंदूला गार वाटू लागतं, म्हणून तापाआधी थंडी वाजते. कापरं भरून शरीर स्वतःला गरम करतं. बऱ्याच जंतूंना ती उष्णता मानवत नाही आणि वॉचमनना जोर येतो. आपल्या नेहमीच्या तापाच्या गोळीने चेअरमनचा फोन सायलेंटवर जातो, एवढंच. चोर जागेवरच असतो.

नानांच्या पायात चोर दिसत होता. तरी चेअरमन शांत. म्हातारपणी वॉचमन जरा मंद होतात, पण इतके?

“औषधं कुठली चालू आहेत?”

“एकही नाही. नानांनी आयुष्यात गोळी घेतली नाही,” विलास अभिमानाने म्हणाला.

नानांचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झाला होता. हात मात्र काड्यांसारखे, त्यावर जांभळे डाग. गोळी न घेता हे जमवणं अवघड आहे.

“गुडघे कसे आहेत, नाना?”

नानांनी पहिल्यांदा नीट डोळे उघडले. “गुडघे येक नंबर हायेत. पुडी हाय ना.”

“कसली पुडी?”

“ते औषध नाही, मॅडम,” विलास घाईने म्हणाला. “आयुर्वेदिक आहे. साइड इफेक्ट झीरो. दोन वर्षं घेतायत. आता चार दिवस बंद आहे, पुडीवाला गावाला गेलाय.”

लेबल नसलेल्या कागदात काय आहे, हे आयुर्वेदालाही ठाऊक नसतं. मला संशय होता स्टिरॉइडचा. स्टिरॉइड चेअरमनच्या फोनकडे बघतही नाही, थेट वॉचमनना झोपवतं. शिवाय आपलं शरीर रोज थोडं स्टिरॉइड स्वतः तयार करतं. बाहेरून फुकट मिळालं की ते काम सोडून देतं. पुडी अचानक बंद झाली की दोन्हीकडून बोंब. बीपी कोसळतं, माणूस जाऊ शकतो.

“आयसीयूत घ्यायचंय. आत्ता.”

“रविवारी साखरपुडा आहे, मॅडम! पाहुण्यांना काय सांगू?”

“साखरपुडा पुढे ढकलता येतो. सुतकात तसाही ढकलावाच लागेल.”

विलासने सही केली.

“शिरेतून अँटिबायोटिक देतेय. आणि स्टिरॉइडही.”

“म्हणजे पुडीतलंच?” तो चमकला. “मग पुडीवाल्याचं चुकलं काय?”

“फारसं काही नाही. काय देतोय, किती देतोय आणि कसं बंद करायचं, एवढंच त्याने सांगितलं नाही.”

संध्याकाळी सर्जनने पायातला पू काढला. पाय वाचला, एक बोट गेलं. नाना वाचले. साखरपुडा त्यांनी वॉर्डात, विलासच्या बायकोने मांडवातून लावलेल्या व्हिडिओ कॉलवर पाहिला आणि जेवणाचा मेनू ऐकून मला दोषी धरलं. नंतर कित्येक महिने स्टिरॉइड कणाकणाने कमी केलं. गुडघे पुन्हा दुखू लागले, त्याबद्दल मला शिव्या पडल्या. पुडीवाल्याला अजून एकही पडलेली नाही. त्याचं दुकान जोरात चालतं.

मग एका सकाळी विलासचा फोन.

“मॅडम, नानांना ताप! एकशे एक! कुडकुडतायत नुसते! घरात सगळ्यांनाच सर्दी झालीय.”

“अभिनंदन.”

“अहो, काय बोलताय!”

“घेऊन या. तपासते. पण अभिनंदन.”

पाय पाहिला, बीपी पाहिलं, रक्त तपासलं. साधा व्हायरल निघाला. नानांचे वॉचमन कामावर परत आले होते.

तेव्हा ताप आला की जरूर घाबरा, पण माणूस मलूल पडत चालला आहे आणि थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय, तेव्हा जास्त घाबरा. आणि डॉक्टरने औषधं विचारली की पुड्याही सांगा. त्या औषध आहेत की नाहीत, हे ठरवण्याचीच मी फी घेते.