आबांच्या तोंडाचा वास

इंदुरीच्या आमच्या आळीत बी. ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी आजही छाती काढून सांगतो. पण एवढं शिकत असताना मी बापाचं तोंड हुंगलं, तेही मग सांगितलंच पाहिजे.

आबा माळकरी. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. भजनात मृदंग त्यांचाच. चाळिशीच्या सुमारास त्यांना काहीतरी विचित्रच होऊ लागलं. कुणी खळखळून हसवलं की हनुवटी लोंबायची, गुडघे दुमडायचे आणि धडधाकट माणूस रिकाम्या पोत्यासारखा खाली बसायचा. मिनिटभरानं उठून चालू लागायचे. औत धरल्या धरल्या डुलकी लागायची ती वेगळीच.

गावानं निदान करून टाकलं: बाटली! मग पारावर खेळच सुरू झाला.

"आबा, पाटलाच्या रेड्याचं ऐकलं का?"

आबा हसायचे आणि खाली.

"पडला, पडला! एका गोष्टीत पावशेर चढली!"

चांगली शहाणीसुरती माणसं हा खेळ खेळत. लाज कुणालाच नव्हती.

एका एकादशीला भजन ऐन रंगात असताना कुणीतरी मुद्दाम त्यांच्या कानाशी लागलं. आबा मृदंगावरच कोसळले. भजन चालवणारे बुवा उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी आबांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून देवळातल्या खुंटीला अडकवली. "पिनाऱ्याच्या गळ्यात माळ ऱ्हायची न्हाई." आबांना सगळं ऐकू येत होतं. हात तेवढा उचलत नव्हता.

मी पुण्याहून सुट्टीत आलो तेव्हा त्यांचा गळा रिकामा. जरा बरं वाटावं म्हणून मी खाणावळीतली एक गंमत सांगितली. आबा हसले आणि ओसरीवर कलंडले. मी वाकलो, त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. तंबाखूशिवाय कसलाच वास नव्हता.

उठल्यावर ते एवढंच म्हणाले, "आला का वास?"

पुण्यात माझ्या शेजारच्या खोलीत डॉक्टरी शिकणारा एक जण राहत होता. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं जाडजूड इंग्रजी पुस्तकातलं एक पान काढून दिलं. फार थोड्यांना होणारा आजार. दिवसा न आवरणारी झोप, आणि हसू किंवा आनंद दाटून आला की अंगातलं बळच जातं. शुद्ध मात्र असते. पक्कं औषध नाही, तो म्हणाला. मी ते पान रात्रीतून मराठीत उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी गावी येऊन आबांना घेऊन देवळात गेलो. भजनाची मंडळी जमली होती. सगळं वाचून दाखवलं.

बुवा म्हणाले, "सायबांस्नी व्हत आसंल त्ये. आपल्या हितं हसून कोन पडतंय?"

"हे पडतात! आणि तुम्हीच पाडताय!"

"मंग त्यानं हसू न्हाई. माळ पायजे तर हसनं सोडावं."

माझं डोकं फिरलं. मी खुंटीवरची माळ उचलली आणि आबांच्या गळ्यात घातली.

"आरं, तुला काय अधिकार?" बुवा ओरडले.

आबांनी माळ चाचपली. चेहरा उजळला आणि गुडघे गेले. मी त्यांना धरून खाली बसवलं. बुवा लगबगीनं आले आणि आबांच्या तोंडाशी वाकू लागले. मी त्यांच्या छातीला हात लावून त्यांना मागे रेटलं.

"मागं व्हा. हुंगायचं पाप एकदा मी करून बसलोय. पुन्हा कुणी हुंगायचं नाही."