चिमटीच्या खिडक्या

तिचं खरं नाव आता कुणाच्या लक्षात नाही. लहानपणी नाकाला दोन बोटांची चिमटी लावून शाळेत जायची, म्हणून ती चिमटी. पुढे शिकून आर्किटेक्ट झाली, तरी गल्लीसाठी चिमटीच राहिली. नाक धरणार नाही तर काय करणार बिचारी? घरांच्या मागेच अख्ख्या शहराच्या कचऱ्याचा डोंगर. त्या बाजूच्या खिडक्या गल्लीने खिळे ठोकून कायमच्या बंद केलेल्या.

त्याच डोंगरावर मातीचा जाड थर बसवून स्टेडियम आणि शेजारी वसाहत बांधायचं काम चिमटीकडे आलं, तेव्हा ती हरखून गेली. छतावरचं पाणी साठवून मैदानाला द्यायचं, डोंगराच्या पोटातला गॅस पाइपांनी काढून त्यावर वीज करायची, सगळं तिने जीव ओतून आखलं. घोडं अडलं ते आत्यापाशी. चिमटीला वाढवलं ते या आत्याने, आणि गल्लीत तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. "उकिरड्यावर राहायला मी काय कोंबडी आहे?" म्हणून ती विषयच संपवायची. आणि आपली गल्लीच येणार नसेल, तर चिमटीला त्या वसाहतीत काडीचाही रस नव्हता.

शेवटी तिने पुठ्ठ्याचं मॉडेलच उचलून आत्याच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. आत्याने चष्मा चढवला, सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं आणि तिला हसूच आवरेना. स्टेडियमच्या बाजूला एकाही घराला खिडकी नव्हती! चिमटी बघतच राहिली. नकाशे तपासणारा तिचा सहकारीही याच गल्लीतला. दोघांनाही काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं.

"अगं वेडे," आत्या डोळे पुसत म्हणाली, "वास येणार नाही म्हणून गावभर सांगतेस, आणि तुझाच विश्वास नाही होय?"

चिमटी आधी ओशाळली, मग तीही हसत सुटली. तिथेच कटर काढून ती भिंतींत खिडक्या कापायला बसली. थोड्या वेळाने आत्याने एका घरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथली जरा मोठी काप, हे मी घेतलं.

पहिल्या सामन्याला चिमटी आत्याच्या नव्या घरी गेली. खाली मैदानात आरडाओरडा सुरू झाला आणि हिचा हात सवयीने खिडकी लावायला गेला. आत्याने तो वरच्या वर धरला.

"राहू दे उघडी. मला गोल बघायचाय."