आपले कोणते?

परळीत युद्ध झालं असेल तर ते फक्त आमच्या शेजारच्या मामांच्या बैठकीत, आणि तेही रोज संध्याकाळी साडेसहाला. वीज केंद्रातून निवृत्त झालेला हा माणूस कुत्रं भुंकलं तरी गल्ली बदलणारा. पण जुने लढाईचे सिनेमे म्हणाल तर कपाटभर कॅसेटी! वीज केंद्रातून उडणाऱ्या राखेपासून जपायला प्रत्येक कॅसेट मामींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. रंगीत सिनेमा मात्र वर्ज्य. "रंगात रक्त दिसतंय रे, मला चक्कर येती," म्हणायचे.

इंग्रजी मामींना येत नव्हतं. मामांनाही येत नव्हतं, पण कबूल कोण करतो! सिनेमा सुरू झाला की मामी विचारायच्या, "अहो, ह्यात आपले कोणते?" मामा खेकसायचे, "गोऱ्यांच्या लढाईत आपले कुठून येतील?" मग मामीच म्हणायच्या, "थांबा, जेवायला बसू द्या त्यान्ला. मग कळंल." ज्या फौजेच्या ताटात कमी, ती आपली. या हिशेबानं मामी कित्येकदा हरणाऱ्यांकडून लढल्या, आणि मामा मुकाट्यानं त्यांच्या मागोमाग गेले. हे सगळं मला आमच्या घरात बसून ऐकू यायचं.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. तेव्हापासून मामा दिसेल त्याला सिनेमाला बोलवू लागले. दूधवाल्याला, लाईट बिल वाटणाऱ्याला. मत मागायला आलेल्या एका उमेदवाराला तर त्यांनी पाऊण तास बसवून ठेवलं. बिचारा हात जोडूनच बसला होता. मला बघितलं की म्हणत, "ये की रे. लई भारी हाय आजचा." मी काहीतरी निमित्त काढून सटकायचो. आज त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात भिंतीपलीकडचा गोळीबार बंद पडला. चार दिवस चिडीचूप. पाचव्या दिवशी न राहवून गेलो, तर मामा कॅसेटी पोत्यात भरत होते.

"भंगारवाल्याला सांगितलंय," ते म्हणाले. "एकट्यानं बघितलं की नुसती हाणामारी वाटती रे."

मी मामींच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "एक लावा की मामा. बघू."

लावली. नुसता धूर आणि चिखल. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही फौजा सारख्याच दिसत होत्या, मला खरंच काही कळेना. शेवटी विचारलं, "मामा, ह्यात आपले कोणते?"

मामांनी कॅसेट थांबवली. चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत राहिले. मग पुन्हा बटण दाबून माझ्याकडे न बघता म्हणाले, "थांब. जेवायला बसू दे त्यान्ला. मग कळंल."