दुधाच्या हिशेबासाठी पिशोर ते पैठण गेट

आमच्या भागातले लोक औरंगाबादला जातात ते दवाखान्यासाठी नाहीतर कोर्टासाठी. मी आणि सुनंदा निघालो ते कॉम्प्युटर जुळवून आणायला. मी पिशोरच्या दूध संस्थेचा सचिव, आणि सुनंदा आमच्याकडे दूध मोजून घेते, हिशेब ठेवते. दुष्काळानं दूध निम्म्यावर आलेलं, आणि नेमकं तेव्हाच वरून फर्मान आलं: पुढच्या महिन्यापासून बिलं कॉम्प्युटरवरच हवीत, ज्यांना जमणार नाही त्यांचं संकलन तालुक्याला, कन्नडला जोडलं जाईल. म्हणजे आमचं केंद्र बंद आणि सुनंदाची नोकरीही. रोज कन्नड गाठणं तिला शक्य नव्हतं, कारण घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. संस्थेनं तुटपुंजी रक्कम मंजूर केली आणि अध्यक्ष आप्पांनी दंडक घातला की तीन दुकानांची कोटेशनं आणायची, सगळ्यात कमीचं घ्यायचं आणि मंजुरीपेक्षा रुपयाही जास्त द्यायचा नाही.

सकाळच्या एसटीत सुनंदानं खिडकी पकडली. वेरूळला परदेशी पाहुणे उतरले, दौलताबादच्या जुन्या दरवाज्यात समोरून ट्रक आला आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांची मनधरणी करत बसले. रान दोन्हीकडं करपलेलं. औरंगाबादची छावणी जवळ आली तशी शेतांत इमारतीच उगवलेल्या दिसायला लागल्या. एकीवर ‘चोवीस तास पाणी’ असा फलक होता आणि त्याच्याच सावलीत टँकर उभा होता.

"नाना, इथं फ्लॅट घेणाराला पाणी बघावं लागत नसंल," सुनंदा म्हणाली.

"फलक बघून घेत असतील," मी म्हणालो.

पैठण गेटजवळच्या गल्लीत पहिलंच दुकान सलीमभाईंचं. त्यांनी आधी बसवलं, चहा मागवला आणि मग काम विचारलं. दुकानात कॉम्प्युटरचा काचेचा एक डबा निळ्या उजेडात झगमगत होता, आत नळ्या फिरवलेल्या.

"ये पानी से थंडा होता," सलीमभाई अभिमानानं म्हणाले.

मी विचारलं, रोज किती लागतं? आमच्या ऑफिसातला कूलर दोन बादल्या पितो, म्हणून विचारून ठेवलेलं बरं. सलीमभाईंना ठसका लागला.

"नाना, म्हशींना पाणी नाय आपल्याकडं," सुनंदा हळूच म्हणाली.

"तुमको ये नक्कोच, ऐसेच दिखाया," म्हणत त्यांनी साधा पत्र्याचा डबा पुढं ओढला. मग प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, स्क्रीन आणि वीज गेली तर यंत्र थोडा वेळ तगवणारी बॅटरी, असं एकेक जुळवत गेले. शेवटी म्हणाले, "बाकी के दो कोटेशन भी मैंच बना देतूं. आप धूप में कायकू फिरते?"

इथं माझ्यातला सचिव जागा झाला. खोटे कागद मी नेणार नाही, असं मी ताठ मानेनं सांगितलं. सुनंदानं कपाळावर पदर ओढला, कारण बाहेर ऊन रटरटत होतं.

दुसऱ्या दुकानदारानं भाव सांगण्याआधीच विचारलं, "पहले किधर बैठे थे?"

"सलीमभाईंकडं."

"चाय पिये?"

"प्यालो."

त्यानं मान डोलावली, आमचा कागद बघितला आणि सलीमभाईंपेक्षा थोडा चढा भाव लिहून दिला. तिसऱ्यानंही हेच दोन प्रश्न विचारले आणि आणखी थोडा चढा लिहिला. गल्लीचा रिवाज मला तिथं कळला: ज्याच्याकडं गिऱ्हाइकानं पहिला चहा घेतला, ते त्याचं, दुसऱ्यानं ते तोडायचं नसतं. दुपारपर्यंत माझ्याकडं तीन अस्सल कोटेशनं जमली होती, सलीमभाईंनी बसल्या जागी लिहिली असती अगदी तशीच. वर डोकं तापलं होतं ते वेगळं.

एका खानावळीत मी नान-खलिया (जाड रोटी आणि मटणाचा तिखट रस्सा) चापला. सुनंदाचा गुरुवार होता, तिनं डब्यातली भाकरी-ठेचा काढला, पण निम्मी भाकरी तशीच परत ठेवली. कारण मला माहीत होतं. तिन्हींत कमी असलेला सलीमभाईंचा भावही मंजुरीच्या वर जात होता.

पुन्हा सलीमभाईंसमोर बसलो. मी म्हणालो, "बॅटरी काढून टाका."

"नाय नाना," सुनंदा म्हणाली. "आपल्याकडं संध्याकाळी दूध घालायच्या टायमालाच लाइट जाते. टाइपलेलं समदं जाईल."

"मग रॅम कमी करू."

"मग ते रडतरखडत चालंल, आणि लोक म्हणतील सुनंदाला जमंना." थोडं थांबून ती म्हणाली, "स्क्रीन काढा. ऑफिसात टीव्ही हाय की."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या टीव्हीवर आप्पा आणि संचालक रोज संध्याकाळी क्रिकेट बघतात. संस्थेच्या सभेला नसते एवढी हजेरी तिथं असते.

"आप्पा मला गावात राहू देतील का?"

"माझं नाव सांगा," ती म्हणाली. "माझी नोकरी तशी बी चाललीच हाय."

सलीमभाईंनी एवढंच विचारलं, "टीव्ही पतला है के डब्बा?" पतला होता. तिन्ही दुकानांत जाऊन मी कागदांवरचा स्क्रीन खोडून आणला आणि भाव मंजुरीत बसला. या खेपेला कुणी चहाचं विचारलंही नाही.

परतीच्या एसटीत खोकं मांडीवर घेऊन माझ्या पायांना मुंग्या आल्या. लोक म्हणतात, प्रवासानं माणूस शहाणा होतो. मी एवढाच शहाणा झालो की सरळ मार्गानं जाऊनही माणूस वाकड्या मार्गाच्याच मुक्कामाला पोचतो, फक्त उशिरा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा मॅचसाठी आले, तर टीव्हीवर दुधाची बिलं. त्यांचा चेहरा बघून मी सुनंदाचं नाव सांगणार होतो, पण जीभ रेटेना. "मीच म्हणालो," मी म्हणालो. आप्पा काही बोलणार तोच लाइट गेली. पंखा थांबला, गल्लीतले सगळे टीव्ही बंद पडले. आमचा चालूच राहिला.

आप्पांनी बॅटरीच्या खोक्याकडं बघितलं, मग टीव्हीकडं. "सुनंदा, यावर मॅच चालंल का?"

"बिलं झाली की लावते. बॅटरी जराच टिकंल."

संचालक मंडळ मुकाट्यानं खुर्च्या ओढून बसलं. मी इतक्या वर्षांत त्यांना दुधाचे आकडे एवढे मन लावून बघताना पाहिलं नव्हतं. शेवटचं बिल संपलं, तिनं मॅच लावली, आणि खरेदीला एकमतानं मंजुरी मिळाली. कोटेशनं कुणी मागितलीच नाहीत.

टीव्हीवरची नजर न काढता आप्पा म्हणाले, "कन्नडला कोण जाऊ देतंय आता तुला?"

नव्याकोऱ्या डब्यावरची नसलेली धूळ सुनंदा पदरानं बराच वेळ पुसत राहिली.