एकशेचाळीस नंबरचं तेल

कुवेतच्या सुलैबिया भागात पत्र्याच्या कुंपणाआड लवू सामंत रोज संध्याकाळी गाडी उभी करी आणि गिअरबॉक्सच्या बरोबर खाली खोक्याचा एक पुठ्ठा सरकवून ठेवी. सकाळी तोंड धुण्याआधी तो पुठ्ठा ओढून काढी, उजेडाकडे धरी आणि त्यावर पडलेले तेलाचे डाग न्याहाळी. काळे आहेत की करडे, बोटाला चिकटतात की घसरतात. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं त्या वेळी मोबाईलवर गावचे निरोप बघत असत. लवू पुठ्ठा बघे, तो भिंतीला टेकवून ठेवी आणि कुणी विचारो न विचारो, सांगे, "बरी आसा."

बरी ती नव्हतीच. ड्रायव्हिंग शिकवायची गाडी ती. टपावर शिकाऊ अशी पाटी, लवूच्या पायाशी जादा ब्रेक, आणि मधे तो गिअरचा दांडा, ज्याच्या मुठीवरचे आकडे शिकणाऱ्यांच्या घामेजल्या तळव्यांनी केव्हाच पुसून टाकले होते. स्वयंपाकी, सुतार, नर्सबाया, सगळ्यांनी याच गाडीत पहिल्यांदा क्लच दाबला होता आणि बहुतेकांनी तो चुकीच्या वेळी सोडला होता. प्रत्येक चुकीने आतल्या चाकांचा थोडा थोडा दात खाल्ला होता.

लवू आचऱ्याचा. तरुणपणी चिऱ्यांचा ट्रक चालवायचा. मग कुवेतला आला तो दस्मानमधल्या एका घरी ड्रायव्हर म्हणून. त्या घरातल्या मुलांना शाळेत सोडता सोडता मुलं मोठी झाली, त्यांच्या स्वतःच्या गाड्या आल्या, आणि लवूचं काम संपलं. तेव्हापासून तो शिकवत होता. बायको, मुक्ता, आचऱ्यालाच. त्यांचा संसार सुट्टीपुरताच होता.

बाळा गावडे त्याच्याकडे आला तो ऑगस्टच्या उन्हात. फिंतासमधल्या इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो प्लंबर होता. कंपनीने सांगून टाकलं होतं की नव्या वर्षात ज्याच्याकडे लायसन असेल तोच प्लंबर राहील, बाकीच्यांनी घरी जायचं. बाळा एकदा नापास झाला होता. कंपनी त्याला आणखी एकदाच परीक्षेला बसवणार होती. वेंगुर्ल्याकडे त्याच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं.

त्याची अडचण एकच होती. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना गाडी करकरायची, मग हुंदका दिल्यासारखी रडायला लागायची, आणि उन्हात तेल पाण्यासारखं पातळ झालं की दुसरा गिअर आपणहून उडून बाहेर पडायचा. तो आवाज झाला की बाळाचा पाय दचकून क्लचवरून उठे.

"अरे, ती आराडता, चावना नाय," लवू म्हणे.

"काकानू, माका वाटता काय तरी मोडला."

"मोडला तर माझा मोडला. तू कित्याक रडतंस?"

बाळा हसे. पण पुढच्या वळणावर पाय पुन्हा उठे. हात चांगला होता त्याचा, नजर चांगली होती. फक्त त्या आवाजापुढे तो लहान व्हायचा.

ऑक्टोबरात लवू त्याला घेऊन अकबरच्या गॅरेजवर गेला. अकबर दापोलीकडचा, पोटाने मोठा, बोलण्याने त्याहून मोठा. त्याने गाडीखाली जाऊन बोल्ट सैल केला, जुनं तेल ताटलीत घेतलं आणि बोटांत चोळून उन्हात धरलं. तेलात पिवळी चमक होती.

"लवूशेट, सोनं निघालं बघ तुझ्या गाडीत. वहिनीला बांगड्या कर."

"सोना नाय रे तां. माझ्या इद्यार्थ्यांचां शिक्षण आसा."

अकबर हसला, मग हसायचा थांबला. "पितळी रिंगांचा चुरा आहे हा. गिअर बदलताना चाकांचा वेग जुळवतात त्या रिंगा. त्या संपल्यात. बॉक्स खोलायला हवा, आणि ह्या मॉडेलचे पार्ट आता भंगारातसुद्धा मिळत नाहीत."

"तेलाचा बोल."

"गाडीच्या कंपनीने सांगितलेलं पंचाहत्तर-नव्वद नंबरचं. तुझ्यासारख्या म्हाताऱ्या बॉक्सला फार तर ऐंशी-नव्वद. थोडं जाड, थोडा आवाज कमी."

"थोडो नको. आवाज बंद व्हयो." लवूने फळीवरच्या डब्याकडे बोट केलं. "तां एकशेचाळीस."

"ते ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलला घालतात! थंडीतल्या सकाळी मध होईल त्याचा. गिअर पडणार नाही."

"थंडी किती दिवस ऱ्हवता हय? आणि ह्या पोराक आवाजाचो भियो आसा. परीक्षेक मी बाजूक बसूचंय नाय."

अकबरने बाळाकडे पाहिलं. बाळाने नजर खाली घातली. मग अकबरने डबा उतरवला, "तुझी गाडी, तुझं डोकं," म्हणाला आणि जाड, मंद धार ओतू लागला.

त्या दिवसानंतर गाडी गप्प झाली. रडणं गेलं, करकर गेली, दुसरा गिअर बसला की बसून राहायचा. बाळाची पाळी दुपारी संपे, तेव्हा तो येई. तोवर सकाळच्या शिकवण्यांनी गाडी चांगली तापलेली असे. डिसेंबरपर्यंत तो असा चालवू लागला की लवू शेजारी बसून खिडकीबाहेर बघे. एकदा तर लवूला डुलकी लागली. बाळाला ते कुठल्याही शाबासकीपेक्षा मोठं वाटलं.

परीक्षा जानेवारीत आली. वाळवंटावरून सुरीसारखा वारा येत होता, काचांवर दव होतं. शिकाऊ गाड्या पहाटेच मैदानात आणून रांगेत उभ्या करायच्या आणि इंजिन बंद ठेवायचं, असा तिथला नियम. बाळाचा नंबर येईपर्यंत गाडी पार गारठली.

पोलीस अधिकारी शेजारी येऊन बसला. माणूस सौम्य होता. "यल्ला," म्हणाला, म्हणजे चल.

पहिला गिअर पडला. दुसऱ्यासाठी बाळाने दांडा ओढला, तर दांडा चिखलात रुतल्यासारखा अडला. त्याने पुन्हा ओढला. खालून करकर उठली, इतक्या महिन्यांनी, तीच. बाळाचा पाय क्लचवरून उठला. गाडीने आचका दिला आणि चढाच्या तोंडाशी बंद पडली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. अधिकाऱ्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि दार उघडता उघडता अगदी हळू म्हणाला, "खलास."

परतताना गाडी लवूने चालवली. दुसरा गिअर टाकताना बाळाचं लक्ष लवूच्या पायाकडे गेलं. त्या पायाने क्लच एकदा दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि दांडा लोण्यात जावा तसा आत गेला.

लवूचंही लक्ष तिथेच गेलं. त्याने गाडी रस्त्याकडेला घेतली.

"चूक माझी आसा, बाळा."

"काकानू, ऱ्हवांदे."

"आयक. चिऱ्याच्या ट्रकवर दोनदा क्लच दाबूचो लागता. माझो पाय आजून तसोच चलता, माका कळनासुद्दा नाय. रोज सकाळी थंड गाडी मीच काढतंय, आणि माका वाटता तेल बरा आसा. तुका कोणी दोनदा दाबूक शिकवलां? मी शिकवूक व्हया होतां."

बाळाने मान हलवली. आपल्याला बरं वाटावं म्हणून हा म्हातारा बोलतोय, असंच त्याला वाटलं. पाय आपला उठला होता; पाय कुणा तेलाचा उठला नव्हता.

"माझोच हात बसलो नाय," तो म्हणाला.

"तुझो हात बरो आसा रे," लवू म्हणाला. ते सिद्ध करायला त्याच्याजवळ काही नव्हतं. अकबर सांगू शकला असता, पण कंपनीला अकबरशी काय देणंघेणं होतं?

फेब्रुवारीत कंपनीने बाळाला विमानात बसवलं. लवू निरोपाला येऊ शकला नाही, शिकवणी होती. मार्चमध्ये एका शुक्रवारी दुपारी लवू खोलीत झोपला तो उठला नाही. त्याला आचऱ्याला आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळा तिथे गेला.

मुक्ता पडवीत बसली होती. हा नवऱ्याबरोबर गाडीत बसलेला माणूस आहे, हे कळल्यावर तिने त्याला जवळ बसवून घेतलं. तिच्याकडे नवऱ्याचं बोलणं फोनवरचंच होतं, तेही घाईतलं.

"तुझ्याकडे शेवटचा काय बोलले?" तिने विचारलं.

बाळाला पुष्कळ काही सांगता आलं असतं. तुमची आठवण काढायचे, म्हणता आलं असतं. तिची तशीच अपेक्षा होती. पण दोघांची शेवटची भेट परीक्षेच्या दिवशीचीच; आपल्या कंपनीच्या कॅम्पच्या फाटकाशी तो उतरला तेव्हा वारा जोरात होता, आणि लवू गाडीतून वाकून एवढंच म्हणाला होता. बाळाने ते तसंच सांगितलं.

"दरवाजो जोरात लाव रे, नायतर लागना नाय."